चुकणारं मूल कुठे बसतं

मोशी,
१२ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुला नमस्कार करून लिहायला बसलो आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात असं तू दिवाळीत म्हणालीस, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तुझ्या सुनेबद्दल, पूनमबद्दल, विचारायचं आहे. इथल्या कामगार वस्तीतल्या शाळेत ती तिसरीला शिकवते, हे पाचवं वर्ष. मुलं तिच्या मागे मागे घरापर्यंत येतात. पण पात्रता परीक्षेत ती दोनदा थोडक्यात राहिली. घरी तिला सगळं येतं. परीक्षेत उत्तराचे गोल समोर आले की हात थांबतो. संस्थेने आता स्पष्ट सांगितलं आहे, पात्रता नसेल तर जूनपासून येऊ नका.

यंदा मात्र एक दुसरी वाट निघाली आहे, प्रयोग म्हणून, मोजक्या शाळांपुरती. लेखी परीक्षेऐवजी शिक्षकाने आपल्या कामाची फाईल द्यायची आणि मूल्यमापन केंद्राचं माणूस येऊन एक तास वर्गात बसणार. फाईलमध्ये वर्गातल्या एका मुलाची वर्षभराची हकीकत लिहायची. त्याला काय येत नव्हतं, शिक्षकाने काय केलं, कुठे अडलं. खरं नाव लिहायचं नाही असा नियम आहे, म्हणून पूनमने आपल्या फाईलमधल्या मुलीला 'चिमणी' म्हटलं आहे. शुद्धलेखन मी तपासून दिलं. तू छडी दाखवून शिकवलेल्या ऱ्हस्व-दीर्घाचा अजून उपयोग होतो.

२ डिसेंबरला स्वरूपा मॅडम म्हणून कुणी येणार आहेत. पूनम म्हणते, "मी रोज शिकवते तसंच शिकवणार." रोजच्यासारखं कुणी तपासणीला उभं राहतं का?

आमच्या चाकणच्या कंपनीत ग्राहकाचं ऑडिट असलं की जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवतात. ऑडिटर काय विचारेल आणि आपण काय बोलायचं ते प्रत्येकाला पाठ असतं. नापास मालाच्या लाल पेटीत एकही पार्ट दिसता कामा नये. कंत्राटावरची नवी पोरं, ज्यांच्या तोंडून भलतंच काही निघेल, त्यांना त्या दिवशी सुट्टी देतात. मी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर असतो. माझ्या टेबलावर अजून कुणी बोट ठेवलेलं नाही.

आयटीआय अर्धवट सोडलेला मी माणूस, शिकवण्यातलं मला काही कळत नाही. तपासणीतलं कळतं. तू इतकी वर्षं मुख्याध्यापिका होतीस. अशी माणसं वर्गात आली की नेमकं काय बघतात? पूनमला विचारलं तर चिडते. तू लवकर लिही.

तुझा,
प्रितम

---

उदगीर,
१८ नोव्हेंबर

प्रितम,

आशीर्वाद. अक्षर मोठं काढलंस ते ठीक, पण पुढच्या खेपेला एवढं नको. मी बहिरी झाले आहे, आंधळी नाही. आणि छडी मी दाखवली असेल, मारली कधीच नव्हती. सुनेला माझ्याबद्दल भलतं सांगून ठेवू नकोस.

तुमचं हे नवीन प्रकरण दोनदा वाचलं. आमच्या वेळी साहेब यायचे. फळ्यावर तारीख, भिंतीवर तक्ते, दुपारी जेवण, झाली तपासणी. गोल काळे करण्याची परीक्षा त्यानंतरची. त्यात बाईला किती ठाऊक आहे ते कळतं, शिकवता येतं का ते कळत नाही. आता हे लोक एका लेकराची वर्षभराची हकीकत मागतात, म्हणजे कुणाला तरी सुचलं म्हणायचं.

काय बघतात म्हणून विचारतोस. हुशार लेकरांकडं कोण बघत बसतंय? ती कुठल्याही वर्गात सापडतात. मी त्या मॅडमच्या जागी असते तर शिरल्या शिरल्या एकच गोष्ट बघितली असती, की चुकणारं लेकरू कुठं बसतं. त्यावरून बाई कळते.

बाकी तू पूनमला काही शिकवायला जाऊ नकोस. तिचं काम तिला येतं. दोन वेळेला तिला गरम जेवण मिळेल असं बघ, आणि घरात पायात पाय घालून फिरू नकोस. लहानपणी तुझा पेपर असला की तुझ्याआधी तुझ्या आईला ताप यायचा. तू तिच्यावर गेलास.

आत्या

---

मोशी,
२५ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मी डब्याच्या पिशवीत ठेवून कंपनीत नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. तू सांगितलंस ते तंतोतंत पाळतो आहे. पूनमला मी काहीही शिकवायला गेलो नाही.

मुलांची मात्र थोडी उजळणी घेतो आहे. हे तिला माहीत नाही. या महिन्यात मला पहिली पाळी आहे आणि पूनम संध्याकाळी उशिरापर्यंत शाळेच्या संगणकावर फाईल करत बसते. तिच्या वर्गातली बरीचशी मुलं आमच्याच बिल्डिंगमध्ये आणि मागच्या चाळीत राहतात. तेव्हा पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधल्या जागेत खडूने रांगा आखल्या आणि बसवली सगळ्यांना. "बाईंना बोलायचं नाही, गंमत आहे," असं सांगितल्यावर सगळी एकदम शपथा घ्यायला लागली.

धडा हातच्याच्या वजाबाकीचा आहे, मधे शून्य येणारी. पूनमच्या टाचणातून मी गणित बघून ठेवलं, चारशे दोन वजा एकशे अठ्ठावन्न. प्रश्न काय येईल त्याचा अंदाज बांधला आणि एक चांगलं वाक्य बसवलं. "शून्याकडे द्यायला काही नाही, म्हणून दशकाने शतकाचं दार ठोठावलं." कसं आहे? मला स्वतःलाच आवडलं. बंटी म्हणून एक पोरगा आहे, त्याचा आवाज खणखणीत, तो हे वाक्य असं म्हणतो की पार्किंगच्या छताला घुमतं.

मी त्याला विचारलं, "बंटी, मॅडमने विचारलं हे कुणी शिकवलं, तर?"

"आमच्या बाईंनी."

"आणि काकांनी?"

"कोण काका? मी तर ओळखत पण नाही तुम्हाला," म्हणाला आणि सगळी हसून लोळली. आमच्या कंपनीत असता तर सुपरवायझर झाला असता.

तू लिहिलंस ते सगळ्यात महत्त्वाचं होतं, ते माझ्या ध्यानात आलं नसतं. मॅडम शिरल्या शिरल्या चुकणारं मूल शोधणार. त्याचीही व्यवस्था केली आहे. त्या दिवशी वर्गात चुकणारं कुणी त्यांना दिसणार नाही.

आता फक्त २ तारीख नीट पार पडू दे. मला जेवण जात नाही, पण पूनमला गरम जेवण मिळतं आहे.

तुझा,
प्रितम

---

उदगीर,
१ डिसेंबर

प्रितम,

तुझं पत्र आत्ता दुपारी हातात पडलं. शेजारच्या पोराला स्पीड पोस्टला पाठवते आहे. तरी हे २ तारखेच्या आत पोचायचं नाही हे मला कळतं. फोन तुला लावला, तू उचललास, बोललास, मला काही ऐकू आलं नाही. मी जे ओरडले ते तुला तुमच्या यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं का, देव जाणे.

चुकणारं लेकरू दिसणार नाही म्हणजे काय केलंस? कुठं पाठवलंस त्याला?

अरे, चुकणारं लेकरू वर्गात कुठं बसतं, म्हणजे बाई त्याला जवळ बसवते का मागं टाकते, हे बघायचं असतं. तेच नसेल तर बघायला येणारीने बघायचं काय?

जे केलं असशील ते आजच्या आज मोड. पूनमला सांग.

आत्या

---

मोशी,
४ डिसेंबर

आत्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीत प्रेस मशिनजवळ होतो. "लेकरू" एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, आशीर्वाद देते आहेस. पत्र आज मिळालं. आता सगळं सांगतो. खाडाखोड माफ कर.

वर्गात वर्षाराणी नावाची मुलगी आहे. गावठाणातल्या सारजाबाईंची. वजाबाकी आली की वरचा-खालचा आकडा बघत नाही, मोठ्यातून लहान काढून मोकळी होते. पार्किंगमध्येही तिने तेच केलं, किती वेळा सांगितलं तरी तेच. मी सारजाबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "मंगळवारी शाळेत ऑडिट आहे, तुमच्या मुलीला घरी ठेवा. ती चुकली तर बाईंची नोकरी जाईल." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, काम झालं.

तास झाला. पूनमकडून आणि बंटीकडून मला कळलं ते असं. स्वरूपा मॅडमनी बंटीला विचारलं, "शून्याचं काय केलंस रे?" त्याने वाक्य म्हटलं. त्यांनी दुसऱ्या मुलीला विचारलं. तेच वाक्य. तिसऱ्याला विचारलं, पुन्हा तेच, ठोठावलं म्हणताना हवेत मूठ मारण्यासकट. ते मीच शिकवलं होतं. मग मॅडमनी स्वतः फळ्यावर वेगळं गणित घातलं. कुणाचाच हात वर आला नाही. शेवटी बंटी उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दोनशे चव्वेचाळीस!" ते आधीच्या गणिताचं उत्तर होतं.

मॅडम हसल्या नाहीत. पूनमला म्हणाल्या, "फाईलमधल्या चिमणीशी मला बोलायचं आहे. कुठे बसते?"

पूनमने टेबलाजवळच्या पहिल्या बाकाकडे बघितलं. तो रिकामा होता.

आत्या, चिमणी म्हणजे वर्षाराणी. ती फाईल मी ओळ न् ओळ तपासली होती. अनुस्वार सुटलेला सापडला, पण ती मुलगी रोज माझ्यासमोर खडूच्या रांगेत बसते हे मला दिसलं नाही.

मॅडम जाताना म्हणाल्या, "फाईल एका वर्गाची आहे आणि मी आज पाहिला तो दुसराच वर्ग आहे." केंद्राने दोन गोष्टी कळवल्या आहेत. मुलांना पढवलं होतं का आणि ती मुलगी का नव्हती, याचा लेखी खुलासा पूनमने द्यायचा. आणि मॅडम आणखी एकदा येणार, न कळवता, नाताळनंतर केव्हाही. तेव्हा फाईलमधली मुलगी वर्गात नसेल तर पूनमचा अर्ज तिथेच संपला.

पूनमला वाटतं, मुलांना मुख्याध्यापिकांनी पढवलं. सारजाबाईंनी मुद्दाम मुलगी ठेवली असं वाटून ती त्यांच्या दारात जाऊन आली. त्या माझं नाव बोलल्या नाहीत. "घरी काम व्हतं," एवढंच म्हणाल्या. पूनम रडत घरी आली आणि मीच तिला पाणी दिलं.

मी एक विचार केला आहे. मुलगी आजारी होती असं सारजाबाईंकडून लिहून घेतलं आणि तू, निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून, पूनमच्या कामाबद्दल चार ओळी लिहून दिल्यास, तर मिटेल का? पूनमला एवढ्यात काही कळवू नकोस. माझ्यावर एवढा उपकार कर.

प्रितम

---

उदगीर,
१० डिसेंबर

प्रितम,

चार ओळी मी लिहिणार नाही. पूनमला शिकवताना मी एकदाही बघितलेलं नाही. बघितलं असतं तरी खोट्या आजारपणाच्या शेजारी माझी सही बसणार नाही. आणि त्या माउलीने तुझं नाव झाकलं, तिच्याकडूनच आता खोटं लिहून घ्यायला निघालास? लाज नाही वाटत?

पूनमला मी कळवणार नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. ते तिला तुझ्या तोंडून कळायला पाहिजे म्हणून.

तू खुलाशाच्या कागदामागं लागलास आणि जे विचारायचं ते तुझ्या पत्रात कुठंच नाही. ती पोरगी त्यानंतर शाळेत आली का? तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, आली नसणार. आठ वर्षांच्या लेकराच्या घरात येऊन तू सांगितलंस की ही वर्गात आली तर बाईची भाकरी जाईल. तुला काय वाटलं, ती दाराआड उभी नव्हती? मी आयुष्यभर लेकरं बघितली. त्यांना वजाबाकी उशिरा कळते, पण आपण नकोसे आहोत हे लगेच कळतं.

घरी बसायला तू सांगितलंस. आता बोलवायला तूच जायचं. पूनमला पाठवू नकोस, मुख्याध्यापिकेला पाठवू नकोस. आणि सुट्ट्यांच्या आधी जा. सुट्टी लागली की मोडलेली सवय पक्की होते.

तू वाईट नाहीस रे. पण लोखंड तपासून तपासून तुला सगळं तसंच दिसायला लागलंय. एकच कर, अंथरूण धरू नकोस. तुझ्या आईसारखा ताप काढून बसलास तर सगळं पुन्हा पूनमच्याच अंगावर पडेल.

आत्या

---

मोशी,
१७ डिसेंबर

आत्या,

तू म्हणालीस तेच झालं होतं. वर्षाराणी त्या दिवसापासून शाळेत गेलेली नाही.

पूनमला आधी सांगितलं. ती पोळ्या करत होती. मी पाठीमागे उभा राहून सगळं एका दमात बोललो. तिने गॅस बंद केला.

"तुम्ही फाईल वाचली होती ना?"

"वाचली होती. चुका काढायला."

तिने पुन्हा गॅस पेटवला आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिने खुलासा लिहिला, माझ्याकडे तपासायला दिला नाही. नुसतं सांगितलं, "जे झालं ते लिहिलंय. तुमच्या नावासकट." मी म्हणालो, अगं, ते अर्ज रद्द करतील. "करू दे," म्हणाली. आता घरात कामापुरतं बोलतो. भाजी काय, दूध आलं का, एवढंच.

मग गावठाणात गेलो. सारजाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या, सकाळी बाजाराला न्यायच्या. वर्षाराणी शेजारी बसून सुतळीचे तुकडे तोडून देत होती. मला बघितल्यावर तिने विचारलं, "काका, ऑडिट संपलं का?"

मी म्हणालो, "संपलं. तू उद्यापासून शाळेत ये."

"न्हाई. मला येत न्हाई. मी आले की बाईंची नोकरी जाती."

सारजाबाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमीच म्हनला व्हता ना, राव? मी काय पदरचं सांगितलं न्हाई तिला. ती दारामागंच हुबी व्हती."

"माझं चुकलं, सारजाबाई."

"चुकलं तर चुकलं. मला कशापायी सांगता? तिला सांगा."

मी वर्षाराणीला सांगितलं, की मी खोटं बोललो होतो. बाईंनी तुझ्याबद्दल एक अख्खी फाईल लिहिली आहे, त्यात त्यांनी तुझं नाव चिमणी ठेवलं आहे. तिने सुतळीचा एक तुकडा तोडला. म्हणाली, "मला चिमनी न्हाई आवडत. घार आवडती." मग पुढची जुडी आईकडे सरकवत, "आई वर्गात बसली तर यीन."

"आता गं बया," सारजाबाई म्हणाल्या. "आनि माझ्या जुड्या कोन बांधंल? ह्ये?" असं म्हणून माझ्याकडे बघून हसल्या. त्या चेष्टेने म्हणाल्या, पण मी हो म्हणून टाकलं.

मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली आहे. मी दुसरी पाळी मागून घेतली. आता सकाळी पूनम शाळेत जाते, सारजाबाई मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि मी त्यांच्या अंगणात मेथी बांधतो. काल सारजाबाई जुड्या उचलून बघत म्हणाल्या, "अवं, ह्या काय मशिनीतनं काढल्या का? येक सारखी येक! गिऱ्हाइकाला वाटंल आत काय भरलंय." त्यांचे यजमान गेनूभाऊ आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. त्यामुळे सगळ्या लाइनवर मला "मेथीवाले" म्हणतात. म्हणू देत.

वर्षाराणी दोन दिवस वर्गात गेली. काही बोलली नाही, नुसती बसली. पाटीवर काही लिहिलंही नाही असं सारजाबाई सांगतात. आता सुट्टी लागेल. मॅडम केव्हा येतील माहीत नाही. ही मुलगी त्यांच्यासमोर अशीच गप्प बसली तर?

प्रितम

---

मोशी,
२१ फेब्रुवारी २०२६

आत्या,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं निश्चित काही नव्हतं आणि अनिश्चित लिहिण्याची मला भीती वाटत होती. तू पाठवलेलं कार्ड मिळालं. अंथरूण धरलेलं नाही.

स्वरूपा मॅडम जानेवारीच्या शेवटी आल्या, न सांगता. मी तेव्हा सारजाबाईंच्या अंगणात होतो. पूनमकडून मला फक्त "येऊन गेल्या" एवढं कळलं. जे झालं ते मी सारजाबाईंकडून ऐकलं. त्या शाळेतून आल्या, पायऱ्यांवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आली व्हती तुमची म्याडम."

माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. "वर्षाराणी बोलली का?"

"बोलली म्हंजी? फळ्याव गेली."

पूनमने फळ्यावर पाचशे तीन वजा दोनशे सदुसष्ट घातलं होतं आणि येतंय का बघ म्हणून वर्षाराणीला बोलावलं. आत्या, त्या पोरीने तेच केलं. मोठ्यातून लहान. तीनशे चौसष्ट. बंटी जागेवरून ओरडला, "बाई, चुकलं! शतकाचं दार..." आणि त्याच्यामागे निम्मा वर्ग माझं वाक्य म्हणायला लागला. मॅडम समोर बसलेल्या. मी डोळे मिटून घेतले.

"मग पूनमने उत्तर सांगितलं?"

"न्हाई वो. त्येच तर. पोरास्नी गप केलं आनि हिला काय बी सांगंना. माझा जीव नुसता खालीवर. म्हनलं सांग की बाई, आता काय बघतीस! तर म्हनली, राणी, पाचशे तीनातलं दोनशे सदुसष्ट गेलं आनि तुझं उरलं. आता गेल्यालं आनि उरल्यालं पुन्ना मिळीव बरं."

वर्षाराणीने मिळवलं. सहाशे एकतीस आले. ती फळ्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "बाई, आपल्याकडं येवढं नव्हतंच की."

त्यानंतर पूनमने काड्यांचे गठ्ठे काढले. शंभराचा गठ्ठा वर्षाराणीने स्वतः सोडला. तास संपल्याची घंटा झाली तरी तिचं गणित पुरं झालेलं नव्हतं. पूनमने ते तसंच ठेवलं, "उद्या इथूनच पुढे," म्हणाली. ठरलेल्या धड्यातला निम्मा भाग शिकवायचा राहिला.

शेवटी मॅडमनी वर्षाराणीला जवळ बोलावून विचारलं, "मागच्या वेळी मी आले तेव्हा तू कुठे होतीस?"

"घरी. प्रितमकाका म्हनले, तू चुकतीस म्हनून येऊ नको."

"आणि आता का आलीस?"

"चुकलं तरी बाई हाकलत न्हाईत."

मॅडमनी सारजाबाईंकडेही बघितलं. त्या म्हणाल्या, "व्हय, खरं हाय. त्यो मानूस आता आमच्यात मेथी बांदतो." हे त्या मला सांगत होत्या आणि हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला हसू येईना. मुलीने हे सगळं सांगितल्यावर, निम्मा धडा राहिल्यावर आणि माझ्या वाक्याचा तो गोंगाट झाल्यावर कोण पात्र ठरवणार? माझ्या टेबलावर असा पार्ट आला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलाही नसता.

त्यानंतर वाट बघणं आलं. पूनम काही विचारू द्यायची नाही. मी रोज पोस्टमनला गाठायचो, तर एके दिवशी तोच म्हणाला, "भाऊ, आता असली पत्रं मेलवर येतात. तुम्ही मला उगाच धरता."

काल कंपनीला सुट्टी होती. वर्षाराणी आता आईशिवाय शाळेत जाते, त्यामुळे मेथीचं माझं काम सुटलं आहे. तरी सवयीने त्यांच्या दारावरून जात होतो. सारजाबाईंनी हाक मारली. "अवं मेथीवालं! पेढं कुटं हायती?"

"कशाचे?"

"आता! झाली की तुमची बाई पास. परवाच्याला सांजचं आली व्हती, राणीच्या हातात मोबाइल दिऊन वाचून घेतलं तिच्याकडनं. तुमास्नी न्हाई सांगितलं?"

आत्या, पूनम पात्र ठरली. पुढच्या वर्षी एकदा पुन्हा न कळवता बघायला येतील अशी अट आहे, पण जूनपासून तिची जागा पक्की. आणि हे मला रस्त्यात कळलं, तिला कळल्यानंतर दोन दिवसांनी. आनंद झाला, आणि त्याच वेळी कुणी कानाखाली वाजवल्यासारखंही झालं.

घरी आलो. ती वह्या तपासत होती. मी दारातच म्हणालो, "अभिनंदन."

तिने वर बघितलं. "कुणी सांगितलं?"

"सारजाबाईंनी."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "आधी तिथेच सांगायचं होतं." आणि मग सरकून तिने वह्यांचा अर्धा गठ्ठा माझ्या बाजूला ढकलला, लाल पेन मात्र दिलं नाही. "नुसत्या वाचा. खूण करायची नाही. कोण काय समजून चुकलंय ते मला सांगा."

मी वाचायला बसलो. पहिल्याच वहीत अडलो आहे. त्या मुलाने असं का केलं असेल ते मला अजून कळलेलं नाही, पूनमलाही मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बघा अजून." म्हणून हे पत्र इथेच आवरतो आणि पुन्हा ती वही उघडतो.

तुझा,
प्रितम